करवत सुरू होते, पण थांबते का?

एका वाचकाचे पत्र आले आहे. ते आणि त्यांचे थोरले बंधू मिळून पेट्रोलवर चालणारी एक चेनसॉ वापरतात. चार वर्षांपूर्वी ती वापरलेली अशी घेतली. वठलेल्या फांद्या उतरवणे, वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके करणे, जळणाचे तुकडे पाडणे अशा घरच्या कामांसाठी ती वर्षातून वीस-पंचवीस दिवस बाहेर निघते. पहिल्या-दुसऱ्या झटक्याला ती सुरू होते, म्हणून तिला काही झालेले नाही असे थोरल्या बंधूंचे मत आहे. धाकट्यांना तसे वाटत नाही. काप सरळ न जाता उजवीकडे वळतो, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, करवत अंगाचा भार देऊन दाबावी लागते आणि ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते त्या बारमधून मधूनच धूर निघतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही चेन हळूहळू फिरत राहते. आवाज कमी झाला की दादा कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळतात. शिवाय चेनचा ब्रेक ‘उगीचच आपोआप लागतो’ म्हणून त्यांनी गेल्या वर्षी पुढच्या दांड्यासमोरचा, ब्रेक लावणारा गार्डच काढून ठेवला. आता १९ वर्षांच्या पुतण्याला ही करवत चालवायला शिकायचे आहे. “वर्षातून एकदा मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग करून घेतले तर पुरेल, की ही विकून नवीन घ्यावी? आणि ज्या दादांनी मला प्रत्येक हत्यार धरायला शिकवले, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू?” असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या तक्रारींचा क्रम मी आधी उलटा करणार आहे. वाकडा जाणारा काप तुम्ही सर्वांत वर लिहिला आहे आणि काढून ठेवलेल्या गार्डचा उल्लेख शेवटी, जाता जाता केला आहे. तो गार्ड परत बसून ब्रेक नीट लागतो अशी खात्री होईपर्यंत ही करवत सुरू करू नये. दादांनीही नाही, तुम्हीही नाही, अगदी एका फांदीपुरतीसुद्धा नाही. बाकीच्या गोष्टींना दोन-चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

चेन बारच्या वरच्या कडेने तुमच्यापासून दूर धावते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेने तुमच्याकडे परत येते. या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग हा करवतीचा सर्वांत धोक्याचा भाग आहे. धावत्या चेनचा तो भाग मागच्या फांदीला किंवा पलीकडच्या ओंडक्याला टेकला, की दात लाकूड कापण्याऐवजी त्यात अडकतो आणि इंजिनाची सगळी ताकद बारला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मानेकडे व खांद्याकडे फेकते. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो घडून जातो, त्यामुळे ‘मी घट्ट धरतो, माझे लक्ष असते’ या भरवशाला तेथे अर्थ उरत नाही. ज्याला आपण हाताला अडणारा प्लॅस्टिकचा तुकडा समजतो तो गार्ड त्या क्षणी दोन प्रकारे कामी येतो. करवत उसळली की डाव्या हाताचे मनगट त्यावर आदळते आणि ब्रेकचा पट्टा क्लचच्या ड्रमभोवती आवळला जातो. मनगट आदळले नाही, तरी गार्डच्या स्वतःच्या वजनामुळे बसणाऱ्या झोक्याने ब्रेक लागतो. बऱ्याच करवतींमध्ये ते वजन म्हणजे हा गार्डच असतो. तो काढला की दोन्ही वाटा एकदम बंद होतात.

‘ब्रेक उगीचच लागतो’ हे दादांचे निरीक्षण खोटे नसणार, पण त्यातल्या ‘उगीचच’ या शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. ब्रेक विनाकारण लागण्याची यांत्रिक कारणे असतात: स्प्रिंग थकते, सांध्यात भुसा आणि तेलाचा चिखल साचतो, पुढच्या दांड्यावरची पकड चुकली की मनगट सतत गार्डला घासते. मात्र चेन बोथट आहे आणि करवत दाबावी लागते हेही तुम्हीच लिहिले आहे. बोथट, लहानमोठ्या दातांची चेन लाकडात मध्येच अडकते आणि हिसका देते. अशा प्रत्येक हिसक्याला तो ब्रेक लागत असेल, तर त्याने आपले काम चोख बजावले असेच म्हणावे लागेल, आणि दादांनी काढून ठेवला तो बिघाडाची वर्दी देणारा होता.

गार्ड, त्याची स्प्रिंग आणि ब्रेकचा पट्टा हे सुटे मिळणारे भाग आहेत. ते मिस्त्रीकडून बसवून घ्या. चाचणी मात्र स्वतः शिका, कारण ती प्रत्येक वेळी काम सुरू करण्यापूर्वी करायची आहे. करवत सपाट, टणक जमिनीवर ठेवून, बारचे टोक कशालाही टेकलेले नाही हे पाहून, दोन्ही हातांनी धरून सुरू करा. ब्रेक सोडा, पूर्ण रेस द्या आणि पुढच्या दांड्यावरची पकड न सोडता डावे मनगट पुढे दाबा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. ‘थोडी फिरून थांबली’ हे उत्तर चालत नाही. ब्रेक लागल्यावर रेस लगेच सोडा. लागलेल्या ब्रेकवर तीन सेकंदांहून अधिक रेस दिली तर क्लच आणि ड्रम तापून खराब होतात. झोक्याने लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा इंजिन बंद ठेवून करतात. ब्रेक सोडून करवत एखाद्या खुंटाच्या वर साधारण हातभर उंचीवर धरायची, पुढचा दांडा सोडून द्यायचा आणि मागच्या मुठीभोवती फिरत बारचे टोक आपल्या भाराने खुंटावर पडू द्यायचे. टोक आपटताच ब्रेक लागल्याचा खट् असा आवाज यायला हवा. नेमकी उंची मॉडेलप्रमाणे बदलते, ती मॅन्युअलमधून घ्यावी.

त्याच वेळी आणखी काही गोष्टी हातासरशी पाहून होतात. मागच्या मुठीवरची कळ दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबला जाता कामा नये. बंद करण्याचे बटण दाबताच इंजिन मेले पाहिजे. चेन जेथून करवतीच्या अंगात शिरते तेथे खाली ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा एक छोटा ठोकळा असतो. चेन तुटली किंवा उतरली तर मागे येणारा तिचा फटका तो अडवतो. वापरलेल्या करवतींवर हा ठोकळा अनेकदा तुटलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेले नसते. मुठी आणि इंजिन यांच्यामधले रबर किंवा स्प्रिंगा तडकल्या असतील तर मूठ हलवताच कळते. त्या बदलाव्यात, कारण त्या थरथर शोषून घेतात, आणि ती थरथर वर्षानुवर्षे हातात गेली की बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार जडतो.

आता ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेंगाळणाऱ्या चेनकडे येऊ. इंजिन नुसते चालू असताना, म्हणजे मिनिटाला साधारण २,५०० ते ३,००० फेऱ्यांवर, चेन पूर्ण स्थिर असली पाहिजे, कारण क्लच त्याहून बऱ्याच वरच्या वेगाला धरतो. ती फिरत असेल तर एक तर आयडल, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, चढलेला आहे, नाही तर क्लचच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत. आधी एअर फिल्टर साफ करा. मग आयडलचा स्क्रू, ज्यापाशी बहुधा ‘टी’ किंवा ‘एलए’ असे अक्षर असते, तो चेन थांबेपर्यंत उलट दिशेने हळूहळू फिरवा. चेन थांबण्याआधी इंजिनच बंद पडू लागले, तर तेथे हात आखडता घेऊन मिस्त्रीला दाखवा. दादा जो स्क्रू पिळतात तो आयडलचा नसून ‘एच’, म्हणजे पूर्ण रेसला किती पेट्रोल जावे ते ठरवणारा, असावा अशी मला शंका आहे. तो आवळला की पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, इंजिनाचा आवाज चढतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. या इंजिनाला वेगळे ऑइल नसते, पेट्रोलबरोबर जेवढे येईल तेवढेच त्याचे वंगण. पेट्रोल कमी झाले की तेही कमी होते, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला ओरखडे पाडत एके दिवशी जाम होतो. हा स्क्रू इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर लावून जुळवायचा असतो. कानाने जुळवणारे जुने जाणकार आहेत हे मला मान्य आहे, परंतु बोथट चेनमुळे कमी पडणारी ताकद स्क्रूमधून काढण्याचा प्रयत्न तेही करत नाहीत.

कारण तुमच्या उरलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ चेनमध्ये आहे. भुसा हातात घेऊन पाहा. ओंडका आडवा कापताना धारदार चेन नखाएवढ्या ढलप्या उडवते आणि स्वतःच लाकडात उतरत जाते. तुम्ही फक्त दिशा द्यायची असते. पीठ पडू लागले आणि खांद्याने रेटावे लागले, की धार गेली. आजच्या चेनचा दात कसा चालतो ते समजले तर धार लावणे सोपे होते. १९४६ साली जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकी लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे लाकूड कुरतडत कशी पुढे जाते ते निरखले आणि तशा डाव्या-उजव्या दातांची चेन बनवली. आजही आपण मूळ त्याच रचनेची चेन वापरतो. एक दात कापाची डावी भिंत तासतो, पुढचा उजवी. दोन्ही बाजू बरोबरीच्या असतील तोवर काप सरळ जातो. एका बाजूचे दात लांब आणि तीक्ष्ण राहिले, तर बार त्या बाजूला ओढला जातो. तुमचा काप उजवीकडे वळतो, म्हणजे उजव्या बाजूचे दात चांगले आणि डाव्या बाजूचे आखूड किंवा बोथट असण्याची शक्यता मोठी आहे. कानस चालवताना प्रत्येकाला एक बाजू सोयीची असते आणि दुसरी गैरसोयीची, त्यामुळे हे फार जणांचे होते.

बाजारातली कोणतीही गोल कानस कोणत्याही चेनला चालत नाही. चेनवरच्या कोणत्याही एका रिव्हेटच्या मध्यापासून तिसऱ्या रिव्हेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याचे निम्मे केले की चेनची पिच मिळते. ती ८.२५ मिलिमीटरच्या आसपास आली तर ४.८ मिलिमीटरची कानस लागते, ९.३ च्या आसपास आली तर छोट्या करवतींच्या बुटक्या चेनला ४ मिलिमीटरची आणि मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. खात्रीसाठी चेनच्या वेष्टनावरचा आकडा पाहावा. करवत बंद करून, प्लगची टोपी काढून, बार शिकंज्यात धरून बसा आणि हातमोजे घाला. सर्वांत आखूड दात शोधा आणि त्यापासून सुरुवात करा, कारण बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणायचे आहेत. कानस दाताच्या आतल्या बाजूने बाहेर, एकाच दिशेने ढकलायची. परत ओढताना ती दातावरून उचलायची. कोन बहुतेक चेनना ३० अंशांचा असतो आणि अनेकदा दाताच्या पाठीवर त्याची रेघ कोरलेली असते. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसत राहावा. तीन घाशा पुरल्या तर प्रत्येक दाताला तीनच द्या. एका बाजूचे सगळे दात झाले, की शिकंज्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले करा. जागा न बदलता मनगट वळवून दुसरी बाजू उरकणे हेच तुमच्या वाकड्या कापाचे कारण असेल असे मी जवळजवळ पैजेवर सांगेन. झालेल्या दाताची कड उजेडात धरा: बोथट कड पांढरी चमकते, धारदार कडेवर चमक दिसत नाही.

प्रत्येक दाताच्या पुढे एक लहान उंचवटा असतो आणि दाताने किती खोल खायचे ते तो ठरवतो. बहुतेक चेनमध्ये तो दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटरने खाली असतो. कानसून कानसून दात ठेंगणा होतो आणि उंचवटा तसाच राहतो, मग धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. म्हणून तीन-चार वेळा धार लावली की मापाची पट्टी ठेवून सपाट कानशीने उंचवटा उतरवावा. येथे हात आवरता असावा, कारण उंचवटा प्रमाणाबाहेर उतरवला की दात अधाशासारखा खोल शिरतो, करवत हिसके देते आणि किकबॅकचा धोका वाढतो. दातावरच्या झिजेच्या खुणेपर्यंत दात आखूड झाला, एखादा तुटला किंवा कडीला तडा दिसला, तर त्या चेनचे आयुष्य संपले आहे.

नवी चेन लावूनही काप वळलाच तर दोष बारमध्ये आहे. बारच्या खाचेच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात. बार सपाट काचेवर उभा धरला तर तो कोणत्याही बाजूला कलता कामा नये. कडांवर आलेली धारदार कोर सपाट कानशीने काढावी, खाचेतला भुसा पातळ पट्टीने खरवडून काढावा आणि तेल येण्याचे बारीक छिद्र मोकळे करावे. बार दर वेळी उलटा करून बसवला तर झीज दोन्ही कडांवर वाटली जाते. ज्या दातेरी चाकावरून चेन फिरते त्यावर अर्ध्या मिलिमीटरहून खोल खाच पडली असेल तर तेही बदलावे. झिजलेल्या चाकावर घातलेली नवी चेन लवकर खराब होते.

बारमधून निघणाऱ्या धुराबद्दल मात्र मला अनुभवाने बोलता येते, आणि तो अनुभव फारसा अभिमानाचा नाही. इंजिनातून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून मी दोन हंगाम तेच चेनच्या टाकीत घातले. त्याचा रंग काळा असल्यामुळे तेल येते आहे असे वाटत राही. तिसऱ्या हंगामात बारचे टोक निळे पडले. उघडून पाहिले तर तेलाची वाट डांबरासारख्या गाळाने बुजली होती. जळक्या ऑइलमध्ये धातूचे कण असतात आणि ते त्वचेला अपायकारक असते. शिवाय त्याला चेनच्या तेलाचा चिकटपणा नसतो, त्यामुळे ते टोकावरून वळताना उडून जाते आणि बार कोरडाच राहतो. तेल पोहोचते की नाही ते पाहण्यासाठी बारचे टोक एखाद्या फिकट पृष्ठभागासमोर वीतभर अंतरावर धरून मिनिटभर अर्ध्याहून अधिक रेस द्यावी. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. याहून सोपी खूण टाक्यांमध्ये आहे. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत चेनच्या तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी होते, तशीच त्यांची मापे ठरवलेली असतात. पेट्रोल संपले आणि तेल अर्धे उरले, तर तेल कोठेतरी अडले आहे.

चेनचा ताण थंड असताना जुळवावा. बारच्या नटा सैल करून, टोक वर उचलून धरून स्क्रू फिरवावा आणि टोक तसेच धरून नटा आवळाव्यात. चेन बारच्या खालच्या कडेला लागून बसावी, पण मोजे घातलेल्या हाताने ओढली की सहज फिरावी. कामात ती तापून लांबते, म्हणून मध्ये एकदा पाहावे लागते, नवी असेल तर वारंवार. मात्र तापलेली चेन ताणली असेल तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवावी, नाही तर थंड होताना आकसून ती बार आणि बेअरिंगवर ताण आणते.

पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात अंदाजाला जागा नाही. ५० ला १ असे प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, २५ ला १ असेल तर ४०. तुमच्या करवतीचे प्रमाण मॅन्युअलमध्ये आणि बहुधा टाकीच्या झाकणाजवळ दिलेले असेल. मिश्रण वेगळ्या स्वच्छ कॅनमध्ये करा, ओतण्यापूर्वी हलवा आणि महिन्याभरात संपवा. इथेनॉलयुक्त पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि पडून राहिले की कार्ब्युरेटरच्या रबरी पडद्यांना आणि नळ्यांना खराब करते. तुमची करवत वर्षाचे अकरा महिने पडून असते, म्हणून हे तुम्हाला अधिक लागू आहे. कामाचा मोसम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवून कार्ब्युरेटर कोरडा करा. पेट्रोल नेहमी इंजिन थंड झाल्यावरच भरावे आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन सुरू करावे.

एअर फिल्टर कामाच्या प्रत्येक दिवशी झटकावा, चिकट झाला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. दोरीच्या झाकणाच्या जाळ्या आणि सिलिंडरवरच्या फटी यांत भुसा साचला की इंजिनाला गार हवा मिळत नाही; एक जुना दात घासायचा ब्रश त्याला पुरतो. प्लगमधले अंतर साधारण ०.५ मिलिमीटर, रंग कॉफीसारखा तपकिरी असावा. टाकीतला पेट्रोलचा फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी वर्षातून एकदा पाहिली तरी चालते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘वर्षातून एकदा पुरेल का’ या प्रश्नात देखभालीचे माप कॅलेंडरवर धरलेले आहे. करवतीला वर्ष कळत नाही, तिला टाक्या कळतात. धार, ताण, चेनचे तेल आणि ब्रेक या गोष्टी प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना पाहायच्या आहेत, म्हणजे वीस दिवसांच्या कामात पन्नास-साठ वेळा. वर्षातून एकदा भेटणारा मिस्त्री, तो कितीही हुशार असला, तरी त्या वेळी तेथे नसतो. त्याचे काम वेगळे आहे: क्लच, ब्रेकचा पट्टा, कार्ब्युरेटरची जुळणी, नळ्या. यंदा ते अवश्य करून घ्या, आणि सायलेन्सर उतरवून आत पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का हेही पाहायला सांगा. ओरखडे खोल असतील तर दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा नवी करवत घेणे शहाणपणाचे ठरेल. पिस्टन गुळगुळीत असेल, तर तुम्ही लिहिलेल्यापैकी एकही बिघाड करवत बदलण्याएवढा मोठा नाही, आणि सवयी याच राहिल्या तर नवी करवतही दोन मोसमांत याच अवस्थेला येईल. विकायचीच ठरली तर गार्ड आणि ब्रेक बसवून विका, किंवा सुटे भाग म्हणून द्या.

दादांविषयी. ‘तुम्ही चुकलात’ हे सांगण्याची वेळ येणार आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तशी गरज दिसत नाही. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, ब्रेक लागतच होता. का लागत होता, एवढाच प्रश्न उरतो, आणि हत्यारे धरायला शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न अपमानाचा वाटत नाही, उलट त्यात रस वाटतो. नवी धार लावलेली चेन चढवा, गार्ड बसवा, ब्रेकच्या दोन्ही चाचण्या करा आणि पहिला काप त्यांनाच घेऊ द्या. ब्रेक तरीही मध्येच लागला, तर स्प्रिंग किंवा सांधा दोषी आहे हे दोघांनाही समोरच दिसेल आणि तेवढाच भाग बदलता येईल.

पुतण्याला शिकवायचे असेल तर पहिले दोन दिवस टाकीत पेट्रोल नको. त्याने चेन उतरवावी, बार साफ करावा, दोन्ही बाजूंचे दात कानसावेत, ताण जुळवावा आणि दादांनी ते तपासावे. करवत हातात देण्यापूर्वी त्याच्या अंगावर डोळ्यांपुढे जाळी असलेले हेल्मेट, कानांवर मफ आणि टणक बूट असावेत, आणि पायांत चेनसॉसाठीची खास पँट. तिच्या आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून दातेरी चाक जाम करतात. त्यातल्या पहिल्या वर्गाच्या पँटची चाचणी सेकंदाला २० मीटर चेनवेगाला झालेली असते; मोठ्या करवतीची चेन पूर्ण रेसवर त्याहून वेगाने धावते, म्हणून पँट हे कवच नव्हे हेही त्याला सांगा. खांद्याच्या वर करवत नाही, शिडीवर नाही, एकट्याने नाही. सुरू करताना ती जमिनीवर, ब्रेक लावलेली आणि मागच्या मुठीत उजवा पाय घातलेली. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढण्याची दादांची पद्धत असेल, तर पुतण्यापुढे तरी ती नको.

काढून ठेवलेला गार्ड अजून कोठेतरी असेल, तो आज शोधा. सापडला तर त्याच्या सांध्याचे भोक लांबट झाले आहे का ते पाहा, झाले असेल तर नवाच मागवा. तो येईपर्यंत करवतीचा प्लग काढून तुमच्या खिशात ठेवा आणि तसे दादांना सांगून ठेवा.